गहू सोडायच्या आधी रक्त द्या : सीलिअॅकबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात एका ताईंचं पत्र होतं, दोन वर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही म्हणून, आणि त्याला उत्तर देताना मी शेवटी एक वाक्य टाकलं होतं की एकदा सीलिअॅकची टेस्ट करून घ्या. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा महिना सगळा त्यालाच द्यायचं ठरवलंय.

मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. आणि मला स्वतःला सीलिअॅक आहे. वयाच्या ३४ व्या वर्षी कळलं, त्याआधी ९ वर्षं मी अॅसिडिटी, टेन्शन, आयबीएस, "बाळंतपणानंतर होतंच असं" ही सगळी नावं ऐकली, गोळ्या खाल्ल्या, आणि शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं की मीच बाऊ करतेय. त्यामुळे तुमची पत्रं वाचताना खूप ठिकाणी थांबले.

ज्यांना हा शब्दच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गहू, जव म्हणजे सातू, आणि परदेशात खातात ती राय, यांच्यात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिअॅक असलेल्या माणसाने ते खाल्लं की त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. ही अॅलर्जी नाही आणि "पचनशक्ती मंद" हाही प्रकार नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही, ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद एवढाच इलाज आहे, आणि तो नीट पाळला तर माणूस खरंच बरा राहतो. आता पत्रं.

ताई, माझी मुलगी ७ वर्षांची आहे. वजन १६ किलो, उंची १०८ सेंटिमीटर, वर्गात सगळ्यात लहान दिसते. पोट पुढे आणि हातपाय काड्या. शी कधी पातळ कधी चिकट, वास खूप. जंताचं औषध तीनदा झालं, टॉनिकच्या बाटल्या तर मोजायच्या सोडल्या. हिमोग्लोबिन ७.८ आलंय. सासूबाई म्हणतात आमच्या घरात सगळ्यांची अंगकाठी अशीच. तुमचं वाचून परवापासून तिची चपाती बंद केलीये, ज्वारीची भाकरी देतेय. टेस्ट कुठली करायची, आणि दुर्बिणीची तपासणी एवढ्या लहान मुलीला करतात का? मला फार भीती वाटते.
– एक आई, सोलापूर

ताई, आधी एक काम करा, आज संध्याकाळी तिला चपाती द्या.

मला माहितीये हे वाचून तुम्हाला विचित्र वाटेल, पण ह्या आजाराची सगळी तपासणी शरीर ग्लुटेनवर कसं चिडतं हे बघण्यावर चालते. ग्लुटेन आत जाणंच थांबलं की काही आठवड्या-महिन्यांत रक्तातल्या खुणा उतरायला लागतात, आतडं हळूहळू भरून यायला लागतं आणि मग टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते आजार असूनसुद्धा. दोन दिवसांनी काही बिघडलेलं नाही. पण महिनाभर भाकरीवर ठेवून मग रक्त दिलंत तर रिपोर्टवर कुणालाच काही ठाम सांगता येणार नाही, आणि पोरीला पुन्हा मुद्दाम गहू खायला घालावा लागेल. तेव्हा तपासणी संपेपर्यंत चपाती चालू.

टेस्टचं नाव टीटीजी-आयजीए, ही रक्ताची टेस्ट आहे. त्याच्याबरोबर टोटल आयजीए ही दुसरी टेस्ट चिठ्ठीवर लिहून घ्या, हे मी मुद्दाम सांगतेय कारण बरेचदा ही दुसरी राहून जाते. आयजीए हे प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन, काही माणसांच्या रक्तात ते मुळातच कमी असतं, सीलिअॅकवाल्यांत शंभरात दोघा-तिघांचं असतं, आणि मग पहिली टेस्ट खोटीच "नॉर्मल" दिसते. तसं निघालं तर आयजीजी ह्या तशाच दुसऱ्या प्रथिनावरची वेगळी टेस्ट करतात. उपाशी पोटी जायची गरज नाही, एकदाच सुई टोचून दोन्ही होतं.

ती पॉझिटिव्ह आली तर मुलांचे पोटविकारतज्ज्ञ गाठा, सोलापुरात नसतील तर पुण्याला एक फेरी होईल पण ती करा. एन्डोस्कोपी म्हणजे तुम्ही म्हणता ती दुर्बिणीची तपासणी लहान मुलांना करतात, गुंगी देऊन करतात, आतलं काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. पोटाच्या पुढे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग असतो तिथून चार-सहा अगदी बारीक तुकडे घेतात, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, ह्यालाच बायोप्सी म्हणतात, आणि ते घेताना दुखत नाही. मी माझ्या बायोप्सीचे फोटो बघितलेत. निरोगी आतड्याच्या आतून टर्किश टॉवेलसारखे बारीक बारीक उभे धागे असतात, त्यांच्यातून अन्न शोषलं जातं. माझ्या फोटोत टॉवेल नव्हताच, धुऊन धुऊन झिजलेलं धोतर असावं तसं सपाट. रिपोर्टवर "मार्श ३" असं काहीतरी लिहितात ते हेच, धागे झिजलेत. आणि लोह शोषलं जातं ते नेमकं ह्याच भागातून, म्हणून तुमच्या मुलीला टॉनिकच्या कितीही बाटल्या पाजल्या तरी ७.८ चं ८ होत नाहीये. तुम्ही कमी पडला नाहीत हो.

मुलांच्या बाबतीत एक सूटही आहे. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली नियम दिलेत, टीटीजी-आयजीए नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या १० पट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए नावाची सीलिअॅकचीच दुसरी टेस्टही पॉझिटिव्ह असेल तर बायोप्सीशिवाय निदान पक्कं करता येतं. तुमच्या मुलीला हे लागू होईल का ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही विचारा मात्र नक्की. विचारायला लाजू नका.

निदान झालं तर त्या दिवसापासून गहू बंद, आणि मग तुम्ही ज्वारीच्या गावात राहता हे तुमच्या मुलीचं केवढं भाग्य आहे ते बघाल. सुरुवातीला काही आठवडे दूध सोसणार नाही कदाचित, आतडं भरलं की बहुतेकांना सोसतं. मुलं फार पटकन उभारी धरतात, उंचीसुद्धा बरीचशी भरून काढतात. निदान पक्कं झालं तर तुमची दोघांची आणि भावंड असेल तर त्याचीही टेस्ट करा, कारण आईवडील-भावंडांत शंभरात साधारण पाच ते दहा जणांना हा आजार निघतो, काहीही त्रास नसताना सुद्धा. आणि सासूबाई म्हणतात ना घरात सगळेच बारीक, ते वाक्य डॉक्टरांना सांगा, ते खरंच उपयोगी आहे.

पुण्यात आयटीत आहे, वय २९. पोट फुगणं, दुपारी मेंदू बंद पडल्यासारखं होणं, तोंड सारखं येणं हे सगळं होतं. जिमच्या ट्रेनरच्या सांगण्यावरून एक फूड इनटॉलरन्सची टेस्ट केली, महाग होती, त्यात ४० पदार्थ लाल आले, गहू पण. ५ महिने झाले गहू सोडून, ८० टक्के बरं वाटतं. आता मोठ्या बहिणीला थायरॉइडचा हाशिमोटो निघाला, तिच्या डॉक्टरांनी मला सीलिअॅक तपासायला सांगितलं, तर टीटीजी नॉर्मल आली. म्हणजे मला सीलिअॅक नाही ना? आणि बरं वाटतंय तर पुढे तपासायचं तरी कशाला?
– एक वाचक, पुणे

नाही, तुमच्या रिपोर्टवरून "नाही" म्हणता येत नाही आणि "आहे" पण म्हणता येत नाही. पाच महिने गहू बंद असताना केलेली टेस्ट म्हणजे पावसाळा संपल्यावर छत गळतं का बघायला चढण्यासारखं आहे.

ती ४० पदार्थांची लाल-हिरवी यादी फाडून टाका. त्यात बहुतेक वेळा आयजीजी मोजतात, आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध ते तयार होतच असतं, त्यावरून कुठलाही आजार ठरत नाही. अशा याद्या घेऊन माझ्याकडे लोक येतात, डाळ बंद दूध बंद अंडं बंद आणि माणूस आणखी वाळत गेलेला, मला मनापासून वाईट वाटतं आणि रागही येतो.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ची जनुकीय टेस्ट, ह्याला गहू खावा लागत नाही. दोन्ही नसतील तर सीलिअॅक जवळजवळ नाहीच असं समजा आणि प्रकरण संपलं. पण असतील तर त्याचा अर्थ "सीलिअॅक आहे" असा होत नाही, तीस-चाळीस टक्के लोकांत ती जनुकं असतात आणि त्यातल्या फार थोड्यांना आजार होतो. लॅबवाले कधीकधी हा रिपोर्ट "पॉझिटिव्ह" असा ठळक छापून देतात आणि माणूस घाबरतो.

दुसरी वाट म्हणजे पुन्हा गहू खाऊन तपासणं, ह्याला ग्लुटेन चॅलेंज म्हणतात. रोज निदान ३ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे साधारण एक-दीड पोळी, कमीत कमी दोन आठवडे, आणि सोसत असेल तर सहा ते आठ आठवडे, मग रक्त आणि गरज पडली तर बायोप्सी. हे डॉक्टरांना विचारून करा, आणि ऑफिसात रिलीज वगैरे असेल तो महिना सोडून करा कारण पहिले दहा-बारा दिवस खरंच वाईट जाऊ शकतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कशाला तपासायचं. तुम्ही आज पोळी टाळता पण मित्राच्या वाढदिवसाला केकचा तुकडा खाता, सोया सॉस चालतो, बिअर चालते, हो ना? सीलिअॅक नसेल आणि नुसता गहू झेपत नसेल तर एवढ्याने आतड्याला इजा होत नाही, मग कशाला जन्मभर एवढं जपायचं. कितीतरी जणांना त्रास ग्लुटेनचा नसतोच, गव्हात फ्रुक्टन नावाची साखर असते तिचा असतो, तीच कांद्या-लसणात पण असते, आणि तिथे उपाय वेगळा आहे. पण सीलिअॅक असेल तर तो केकचा तुकडा आतून नुकसान करतो तुम्हाला कळो न कळो, हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी राहतं, पुढे मूल होण्यातही अडचण येऊ शकते, आणि मग हाडांचा डेक्सा स्कॅन, व्हिटॅमिन डी, बी१२, थायरॉइड हे सगळं वेळोवेळी बघावं लागतं. हाशिमोटो आणि टाइप १ डायबेटिस हेही स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटण्याचे आजार, ते असलेल्यांत सीलिअॅक जास्त आढळतो, म्हणून बहिणीने स्वतःची टेस्ट केली का तेही विचारा.

आमच्या काळी गव्हाने कोणाला काही होत नव्हतं. हे ग्लुटेन ग्लुटेन सध्या फार ऐकू येतं. परदेशी फॅड इकडे आणून लोकांना घाबरवू नये असं नम्रपणे सुचवतो. गहू एवढाच नको असेल तर आपला खपली गहू खावा.
– निवृत्त शिक्षक, धुळे

काका, तुमचं पत्र मी मुद्दाम छापतेय कारण हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो.

हा आजार नवा नाही. अरेटियस नावाच्या ग्रीक वैद्याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी अशा रोग्यांचं वर्णन लिहून ठेवलंय, १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी ह्या डॉक्टरांनी मुलांमधला हा आजार नीट मांडला. गव्हाचा संबंध कळायला मात्र आणखी वेळ गेला. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते, त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते, आणि त्यात ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पुन्हा पाव मिळायला लागला तशी ती परत आजारी पडली. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी ह्या आजाराची कितीतरी मुलं दगावत.

आपल्याकडचं म्हणाल तर दिल्ली परिसरात केलेला अभ्यास २०११ साली आला, त्यात ९६ माणसांमागे एकाला सीलिअॅक निघाला. २०१६ च्या देशव्यापी अभ्यासात उत्तरेत साधारण शंभरात एक आणि दक्षिणेत हजारात एक. उत्तरेत रोजची पोळी आणि दक्षिणेत रोजचा भात, हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. तुमच्या लहानपणी घरात पोळी रोज होती का सणावाराला? खानदेशात कळण्याची भाकरी होती, ज्वारी-बाजरी होती. नाव माहीत नव्हतं म्हणून आजार नव्हता असं नाही, "पोर अंगाला लागत नाही" असं म्हणायचे आणि सोडून द्यायचे. फॅडबद्दल तुमचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे, आजार नसताना वजन कमी करायला ग्लुटेन सोडणाऱ्यांना मीही नकोच म्हणते.

पण खपलीचं मात्र अजिबात मान्य नाही आणि इथे मी ठामपणे लिहिते. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. बन्सी, लोकवन, सिहोर, खपली, रवा, मैदा, दलिया, लापशी, सगळं सीलिअॅकवाल्याला सारखंच. "खपली चालतो" हे ऐकून खात राहिलेल्या, आणि का बरं वाटत नाही म्हणून रडणाऱ्या बायका मी बघितल्यात.

ताई, मार्चमध्ये निदान झालं, बायोप्सीत मार्श ३ बी. एकत्र कुटुंब, घरात ९ माणसं. पहिला महिना सगळ्यांनी सांभाळलं. आता सासूबाई म्हणतात एक घास खाल्ल्याने काय होतंय, आमच्यावेळी एवढी थेरं नव्हती. माझी भाकरी शेवटी त्याच तव्यावर टाकली जाते. गौरीला पुरणपोळीचा नैवेद्य खाल्ला नाही तर देवीचा कोप होईल म्हणाल्या, खाल्ली, दोन दिवस पडून होते. सत्यनारायणाचा प्रसाद नाही म्हटलं तर नणंद चार बायकांत बोलली. टीटीजी सहा महिन्यांनी थोडीच उतरलीये. मी कुणाशी बोलू तेच कळत नाही. नवरा वाईट नाही पण गप्प बसतो.
– एक सून, सातारा जिल्हा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना रडले. माझंही हेच होतं.

आधी नवऱ्याचं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा नवऱ्याने सासूबाईंना बरोबर घेऊन जायचं. तुम्ही नाही, त्याने. "आई, तू पण चल, तुला पण समजून घे" एवढंच म्हणायचं. सुनेने सांगितलेलं थेरं वाटतं, आणि तेच डॉक्टरांनी समोर बसवून, बायोप्सीचा फोटो दाखवून सांगितलं की आजार होतो, हे आपल्या घरांचं वास्तव आहे. मला तर वाटतं तपासणी अर्धवट सोडू नये ह्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. "मला गहू सोसत नाही" ह्या वाक्याच्या भरवशावर आपल्याकडे एक दिवाळी पण निघत नाही, शिक्का असलेला कागद लागतो. तुमच्याकडे तो आहे. त्याची झेरॉक्स काढा आणि घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात द्या.

एका घासाने काय होतं ह्याचं उत्तर असं की एका पोळीच्या पन्नासाव्या भागात असतं तेवढं ग्लुटेनसुद्धा रोज पोटात जात राहिलं तर काहींचं आतडं भरून येत नाही. म्हणून आपल्याकडे एफएसएसएआय ह्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमात ग्लुटेन-फ्री लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही.

आता तुमची टीटीजी. पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण उतरली नाही म्हणून घाबरू नका, कितीतरी जणांना वर्ष-दीड वर्ष लागतं. पण तवा तोच असेल तर ती उतरणारही नाही. माझंच सांगते, दहा महिने मी एक कण गहू खाल्ला नव्हता, पोळपाट वेगळा, तवा वेगळा, आणि तरी टीटीजी हलेना. डॉक्टर म्हणाले तुम्ही कुठेतरी खाताय, मला एवढा अपमान वाटला. एका रात्री आमटीची फोडणी करताना हिंगाची डबी हातातच राहिली आणि सहज मागचं बारीक अक्षर वाचलं, गव्हाचं पीठ. रोज दोन वेळा, चिमूटभर. बाजारातला बराचसा हिंग मैदा किंवा गव्हाचं पीठ घालून बांधलेला असतो. तांदळाच्या पिठातलाही मिळतो, डबी उलटी करून वाचा.

तशीच दुसरी जागा म्हणजे गिरणी. तुमची ज्वारी ज्या गिरणीत दळतात तिथे आधी गव्हाचा डबा झालेला असतो, त्याचं पीठ दगडात, पिशवीत सगळीकडे राहिलेलं असतं, आणि "सकाळी पहिलं दळून द्या" सांगूनही ते पूर्ण जात नाही कारण रात्रीचं शेवटचं दळण गव्हाचं असतं. घरात ९ माणसं आहेत तर एक घरघंटी घ्या आणि त्यात गहू कधीच टाकायचा नाही असं ठरवा, सगळ्यांची भाकरी त्यातच होऊ दे. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं, लाकडाच्या चिरांत पीठ बसतं. भाकरीचा तवा आणि परात वेगळी, मी माझ्या सगळ्या डब्यांना लाल झाकणं केलीत, लहान मुलांनाही कळतं. स्वयंपाक एकाच ओट्यावर असेल तर आधी तुमची भाकरी, मग बाकीच्यांच्या पोळ्या.

आणि काही पदार्थ असे आहेत की ते गव्हाचे आहेत हे आपल्याला आठवतच नाही. कुरडई, ती गव्हाच्या चिकाचीच. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो, चकलीच्या भाजणीत कोणी घालतं कोणी नाही, विचारायचं. सातूचं पीठ नाही. शेवया, शिरा, उपमा नाही. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या असतात. भजी बेसनाची पण त्याच तेलात आधी समोसे तळलेत का ते बघा. ओट्समध्ये गव्हाची भेसळ असते म्हणून निदान पहिलं वर्ष नकोच. उलट उपवासाचं जवळजवळ सगळं तुमचं आहे, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, फक्त पीठ गिरणीतलं असेल तर तोच प्रश्न, आणि साबुदाण्यावरच राहू नका त्यात ताकद काही नसते.

देवीचं म्हणाल तर, मी श्रद्धाळू बाई आहे. प्रसाद मी दोन्ही हातांत घेते, कपाळाला लावते आणि शेजारच्या लहान मुलाच्या हातावर ठेवते, हात धुते. आजपर्यंत कुठल्या गुरुजींनी मला चूक म्हटलेलं नाही. पुढच्या गौरीला तांदळाच्या उकडीच्या पारीत पुरण भरून एक वेगळी वाटी नैवेद्यात तुम्हीच ठेवा, उकडीचे मोदक तर आहेतच. नणंदेला फोन करून एकदा सांगा की हा आजार आहे आणि माझ्या मुलांनाही तपासायला सांगितलंय, कारण तुमच्या मुलांची टेस्ट करायचीच आहे. स्वतःच्या भाच्यांचा विषय निघाला की माणसं वेगळं ऐकतात.

बोलायला कुणी नाही म्हणालात. तुमच्या पोटविकारतज्ज्ञांना सरळ विचारा की तुमचे दुसरे सीलिअॅकचे पेशंट आहेत का आणि त्यांना माझा नंबर द्याल का, बहुतेक डॉक्टर आनंदाने देतात. मला माझी पहिली मैत्रीण अशीच मिळाली, कराडची, आम्ही एकमेकींना दुकानातून पाकिटाच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवतो. दिल्लीत सीलिअॅक सोसायटी ऑफ इंडिया आहे, पण मला विचाराल तर आधी जवळचं एक माणूस शोधा, ज्याच्या घरी तुमच्यासारखाच तवा आहे.

ताई, मी २१ वर्षांची, एमपीएससीचा अभ्यास करते, पुण्यात मेसचा डबा. सहा महिन्यांत ७ किलो वजन गेलं, पाळी अनियमित, केस गळतात, हिमोग्लोबिन ८.५. सगळे म्हणतात अभ्यासाचं टेन्शन. टेस्ट करायला घाबरते, पॉझिटिव्ह आली तर मेसमध्ये काय खाऊ?
– एक विद्यार्थिनी

अगं, मेसचं नंतर बघू. टेन्शनने हिमोग्लोबिन ८.५ होत नाही. सीलिअॅक असेलच असं नाही, थायरॉइड असेल, आणखी काही असेल, पण सहा महिन्यांत ७ किलो गेलेत तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं आणि लवकर. घरी आईला आज फोन कर, लपवू नकोस.

मेसचा डबा आहे तसा चालू ठेव, पोळ्या सोडू नकोस, आणि ह्याच आठवड्यात सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जा, तिथे खर्च कमी येतो. जाताना कागदावर लिहून ने, वजन कधी किती होतं, शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा, हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचार, "सीलिअॅकसाठी टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए करायची का?"

पॉझिटिव्ह निघालंच तर पुण्यात भाकरीची मावशी शोधणं अवघड नाही, एक छोटा इंडक्शन, एक कुकर आणि तांदूळ-मूगडाळ-अंडी-भाजी ह्यावर माझ्या ओळखीच्या दोन मुलींनी अख्खी परीक्षा काढलीये. ते सगळं मी तुला बसून लिहून देईन. आधी रक्त कधी देतेयस तेवढं कळव.